सिंहासनामागची माहेरे

कृष्णाची शिष्टाई फसली आहे. हस्तिनापुराहून तो उपप्लव्याला परतला आहे आणि कौरवसभेत कोण काय बोलले ते युधिष्ठिराला सांगतो आहे. उद्योगपर्वातल्या या वृत्तान्तात धृतराष्ट्राचे एक भाषण येते. गीता, द्यूत, वस्त्रहरण यांच्या गर्दीत ते सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. आंधळा बाप भर सभेत आपल्या थोरल्या मुलाला घराण्याचा इतिहास ऐकवतो. ययातीचा थोरला यदू, पण राज्य मिळाले धाकट्या पूरूला. पणजोबा प्रतीप यांना तीन मुलगे. थोरला देवापी गुणी आणि प्रजेचा लाडका, पण त्याला त्वचेचा रोग होता. त्याच्या अभिषेकाची तयारी झाली तेव्हा ब्राह्मण, वृद्ध आणि नगरजन आडवे आले. म्हातारा राजा रडला आणि देवापी रानात गेला. दुसरा बाह्लीक. त्याने बापाचे घर सोडले, तो मामाच्या कुळात गेला आणि तिकडचेच समृद्ध राज्य त्याने घेतले. उरला शंतनू. बाह्लीकाच्या संमतीने तो हस्तिनापूरच्या गादीवर बसला. मग धृतराष्ट्र स्वतःवर येतो. मी थोरला, पण अंगाने उणा, म्हणून राज्य पांडूकडे गेले. ज्याच्या बापालाच राज्य नव्हते, त्या तुला ते कुठून मिळणार?

दुर्योधनाने ऐकले नाही. पण या भाषणात अशी एक गोष्ट आहे की तिने सगळ्या भारतीय युद्धाकडे बघण्याची नजर बदलावी. हा बाह्लीक मेलेला नाही. तो म्हातारा होऊन कौरवांच्या बाजूने रणात उभा आहे. त्याच्यासोबत त्याचा मुलगा सोमदत्त आहे आणि नातू भूरिश्रवा आहे. बीजाच्या हिशेबाने पाहिले, तर कुरुक्षेत्रावर कुरूंचे खरे रक्त भीष्माच्या अंगात आणि या तिघांच्या अंगात आहे. ज्यांच्यासाठी युद्ध चालले आहे त्या एकशे पाच चुलतभावांपैकी कुणाच्याही अंगात शंतनूचा थेंब नाही. भीष्म शरपंजरी पडतो. युद्धाच्या चौदाव्या दिवशी आणि त्याला लागून आलेल्या रात्री भूरिश्रवा, बाह्लीक आणि सोमदत्त, म्हणजे नातू, आजोबा आणि बाप, तिघेही मारले जातात. गादीवर खरा हक्क यांचा, असे महाभारतात कुणाच्याही तोंडून निघत नाही. मित्र, शत्रू, खुद्द बाह्लीक, कुणाच्या मनातही तो विचार आलेला दिसत नाही.

राजघराणे म्हणजे रक्ताची अखंड धार, ही कल्पना आपल्याकडे इतकी रुजली आहे की कुळाचा अभिमान सांगताना महाकाव्यांची साक्ष सहज काढली जाते. महाकाव्ये ती साक्ष देत नाहीत. ज्या भरतावरून या वंशाला नाव मिळाले, त्याची कथाच पाहा. त्याला तीन राण्यांपासून नऊ मुलगे झाले. त्यांतला एकही त्याला आपल्यासारखा वाटला नाही, म्हणून त्याने यज्ञ केला आणि भरद्वाजाच्या कृपेने भुमन्यू हा पुत्र मिळवला. वंश पुढे चालला तो भुमन्यूपासून. वंशाच्या पहिल्याच ठळक नावापाशी पोटचे मुलगे बाजूला पडले आणि निवडलेला मुलगा पुढे आला.

मग हे घराणे चालले कशावर? त्याची वंशावळ बापांच्या नावाने लिहिली आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या ते तोलून धरले ते सुनांनी आणि सुनांच्या माहेरांनी. गादीचा वारस ठरवताना, मुलगा कुणाचा म्हणायचा हे ठरवताना, सैन्य उभे करताना, अनाथ पोर वाढवताना आणि अखेर राज्य कुणाच्या हाती सोपवायचे तेव्हाही बाहेरून आलेल्या बाईचे घर निर्णायक ठरते. नरपुंगवांच्या नामावळीखाली हे दुसरे जाळे दिसू लागले की महाभारत निराळेच वाटू लागते.

मराठी वाचकाला ही नजर देण्यात इरावती कर्वे यांचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करताना त्यांनी १९५३ मध्ये ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. गावोगाव फिरून जमवलेली नात्यांची माहिती आणि संस्कृत ग्रंथांतली नाती त्यात शेजारी शेजारी मांडली आहेत. त्याच नजरेतून पुढे ‘युगान्त’ आले आणि त्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुण्यातच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहत ते १९६६ मध्ये पुरे झाले. वि. स. सुखटणकर १९२५ पासून १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याचे प्रमुख संपादक होते. महाभारतातल्या नातेसंबंधांविषयी आज कुणी काही जबाबदारीने बोलू शकत असेल, तर ते या दोन कामांच्या आधारावर.

सुनेच्या माहेराने राज्याची दिशा ठरवल्याचे पहिले मोठे उदाहरण सत्यवतीच्या लग्नाचे. यमुनेवरच्या कोळ्यांचा प्रमुख दाशराज मुलगी द्यायला तयार आहे, पण अट घालतो: हिच्या मुलालाच राज्य मिळाले पाहिजे. हस्तिनापूरचा राजा विरहाने झुरतो, पण ती अट झुगारून देत नाही. शंतनूचा मुलगा देवव्रत, म्हणजे पुढचा भीष्म, जाऊन राज्याचा हक्क सोडतो. दाशराजाचे समाधान होत नाही. तुझा शब्द खरा, पण तुझ्या मुलांचे काय, असे तो विचारतो. त्या एका प्रश्नातून भीष्माचे ब्रह्मचर्य जन्माला आले. भीष्माच्या त्यागाचे गुणगान सगळे करतात. दाशराजाच्या धोरणीपणाचे कौतुक फारसे कुणी करत नाही, आणि ते करायला हवे. होडी चालवणाऱ्या मुलीचा बाप सम्राटासमोर बसून दोन पिढ्यांपुढचा करार पक्का करून घेतो.

अयोध्येतही असाच करार आहे. वाल्मीकी रामायणाच्या अयोध्याकांडात, चित्रकूटावर राम भरताला सांगतो की तुझ्या आईशी लग्न करताना आपल्या वडिलांनी तुझ्या आजोबांना राज्य शुल्क म्हणून देऊ केले होते. कैकेयीच्या दोन वरांची गोष्ट सर्वतोमुखी आहे, हे राज्यशुल्क मात्र कोपऱ्यात राहते. ते ध्यानात घेतले की दशरथाची घाई उलगडते. भरत केकय देशी मामा युधाजिताकडे गेलेला असताना अभिषेक उरकून घ्यावा, तो दूर आहे तोवरच ही वेळ बरी, असे तो स्वतः रामाला बोलून दाखवतो. मुलगा आजोळी गेला आहे आणि बापाला त्या आजोळाचाच धाक आहे.

सत्यवतीचे दोन्ही मुलगे निपुत्रिक मेले. चित्रांगदाला त्याच नावाच्या गंधर्वाने मारले, विचित्रवीर्य सात वर्षे संसार करून क्षयाने गेला. मागे काशीच्या दोन राजकन्या विधवा झाल्या. सत्यवतीने आधी भीष्माला गळ घातली, त्याने प्रतिज्ञा मोडायला नकार दिला. तेव्हा तिने लग्नाआधी पराशरापासून झालेल्या आपल्या मुलाला, व्यासाला, बोलावले. अंबिकेला एवढेच सांगण्यात आले की आज रात्री दीर येणार आहे. ती पलंगावर पडून भीष्माचा आणि इतर कुरुवीरांचा विचार करत होती, असे आदिपर्व सांगते. समोर आला तो काळा, जटाधारी, उग्र तपस्वी. तिने डोळे मिटले, मुलगा आंधळा झाला. अंबालिका भीतीने पांढरी पडली, मुलगा पांडुर झाला. पुढच्या वेळी अंबिकेने आपली दासी पुढे केली, तिला विदुर झाला.

येथे थांबून हिशेब मांडला पाहिजे. धृतराष्ट्र आणि पांडू यांच्या अंगी सत्यवतीच्या मुलाचे बीज आहे आणि काशीच्या मुलींचे उदर आहे. शंतनूचा त्यांच्याशी देहाचा काही संबंध नाही. सासूचा लग्नाआधीचा मुलगा आणि सुना यांच्यातून कुरूंची पुढली पिढी उभी राहिली. हे लपवून केलेले नव्हते. पांडू कुंतीला पुत्रप्राप्तीसाठी विनवतो तेव्हा आपला जन्मही असाच झाला याची तिला आठवण देतो. शास्त्राने मान्य केलेल्या पुत्रांचे प्रकारही तो तिच्यापुढे मांडतो: स्वतःचा, नियोगाचा, कुमारिकेला झालेला, दत्तक, विकत घेतलेला, लग्नाच्या वेळी पोटात असलेला आणि आणखी कितीतरी. धर्मशास्त्रकारांनी यासाठी शेताचा दाखला दिला होता: पेरणारा कोणी असो, पीक शेतमालकाचे. या दाखल्यात बाईला जमीन मानले आहे, ते आज बोचते आणि बोचलेच पाहिजे. पण त्याच दाखल्याने बापपण बीजापासून सोडवले आणि ते समाजाच्या मान्यतेवर उभे केले.

मान्यता सगळ्यांना सारखी मिळाली नाही, यात या व्यवस्थेची क्रूरता आहे. विदुराचे बीज तेच, पण आई दासी. तिघा भावांत सर्वांत शहाणा तो, गादीसाठी त्याचा विचारही झाला नाही. इरावतीबाईंनी ‘युगान्त’मध्ये युधिष्ठिर हा विदुराचाच मुलगा असावा असा तर्क मांडला आहे. विदुर धर्माचा अवतार, युधिष्ठिर धर्माचा पुत्र, आणि नियोगासाठी धाकटा दीर हा पहिला हक्कदार. आश्रमवासिक पर्वात विदुर योगबळाने युधिष्ठिराच्या देहात शिरून प्राण सोडतो. तर्क सिद्ध करता येत नाही, पण तो वाचल्यावर रानातली ती दोघांची भेट पुन्हा जुन्या नजरेने वाचता येत नाही.

दुर्योधन मात्र हे सारे हत्यार म्हणून वापरतो. शस्त्रविद्येच्या प्रदर्शनात भीम कर्णाला सूतपुत्र म्हणून हिणवतो, तेव्हा दुर्योधन उलट सुनावतो की शूरांचे आणि नद्यांचे मूळ कोण शोधतो, आणि तुमचे जन्म कसे झाले तेही आम्हाला ठाऊक आहे. त्याचा स्वतःचा बाप त्याच वाटेने जन्मलेला. त्या सभेत कुणाच्याही जन्माची चौकशी फार खोल नेणे कुणालाच परवडणारे नव्हते.

कर्णाच्या बाबतीत कायदा आणि माया समोरासमोर येतात, आणि सगळ्या महाभारतात नात्याचा विचार इतका खोल दुसरीकडे कुठे गेलेला नाही. शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेतो आणि शुद्ध शास्त्र सांगतो. कुमारिकेचा मुलगा तिच्याशी जो लग्न करतो त्याचा ठरतो, म्हणून तू पांडूचा पुत्र आहेस. बापाकडून पांडव तुझे, आईकडून वृष्णी तुझे. पाचही भाऊ तुझे पाय धरतील, द्रौपदी सहाव्या वेळी तुझ्याकडे येईल. व्यास सत्यवतीचा तसाच मुलगा होता आणि त्याच्यावर वंश उभा राहिला, हे पाहता कृष्णाचा मुद्दा बिनतोड आहे.

कर्ण तो मुद्दा खोडत नाही. तो वेगळेच बोलतो. अधिरथाने मला घरी नेले तेव्हा राधेच्या स्तनांत मायेने दूध आले. तिने माझे मलमूत्र काढले. अधिरथाने माझे जातकर्म केले, नाव वसुषेण ठेवले, वयात आल्यावर सूतांच्याच मुलींशी माझी लग्ने लावली. त्यांच्यापासून मला मुले झाली, नातवंडे झाली. सगळी पृथ्वी किंवा सोन्याच्या राशी मिळाल्या तरी हे नाते मी खोटे करणार नाही. आणि एक विनंती करतो: युधिष्ठिराला हे सांगू नकोस. त्याला कळले तर तो राज्य घेणार नाही, आणि मला मिळाले तर मी ते दुर्योधनाला देईन.

बीजाचे नाते आणि शास्त्राचे नाते या दोन्हींपलीकडे मांडीवर घेऊन वाढवल्याचे नाते असते, हे महाभारतात ज्याच्या तोंडून येते तो माणूस सारथ्याच्या घरात वाढलेला आहे. हा योगायोग नसावा.

कुंतीला हे सारे स्वतःच्या आयुष्यातून ठाऊक होते. यादव शूराची ही मुलगी पृथा. शूराने आपल्या निपुत्रिक आतेभावाला, कुंतिभोजाला, पहिले अपत्य द्यायचे वचन दिले होते, म्हणून ती लहानपणीच दुसऱ्या घरी गेली. कृष्ण शिष्टाईसाठी हस्तिनापुराला येतो तेव्हा ती भाच्यापुढे मन मोकळे करते. दोष ती दुर्योधनाला देत नाही, बापाला देते. चेंडू खेळण्याच्या वयात त्याने मला देऊन टाकले, असे ती म्हणते. वडिलांनी सोडले, सासरच्यांनी छळले. जिला स्वतःला दान केले गेले, तिने पहिले मूल पेटीत घालून नदीत सोडले. या दोन घटनांमधला धागा व्यासांनी मुद्दाम उघडा करून दाखवला नाही. वाचकाने तो हाताने चाचपायचा आहे.

कुंतीची सवत माद्री. मद्र देश म्हणजे आजच्या पंजाबचा, आता पाकिस्तानात असलेला भाग. भीष्म तिच्यासाठी मागणी घालायला गेला तेव्हा शल्याने संकोचत पण स्पष्ट सांगितले की आमच्या कुळात मुलीसाठी शुल्क घेण्याची रीत आहे. भीष्माने सोने, रत्ने, हत्ती, घोडे, रथ मोजून दिले. पुढे युद्धात हा मामा सख्ख्या भाच्यांच्या मदतीला निघाला, वाटेत दुर्योधनाने त्याचा गुप्तपणे पाहुणचार केला आणि उपकाराच्या ओझ्याखाली तो विरुद्ध बाजूला गेला. नकुल-सहदेवांचा मामा कौरवांचा सेनापती झाला. दुसरीकडे गांधारीचा भाऊ शकुनी भाच्यांच्या घरीच येऊन राहिला. मराठीत आजही घर फोडणाऱ्याला शकुनिमामा म्हणतात. पण शकुनीचे सामर्थ्य फाशांइतकेच नात्यात होते. मामाला भाच्याच्या घरात जी मोकळीक असते ती चुलत्याला नसते. चुलता वाटेकरी असतो, मामाचा वाटा काहीच नसतो, म्हणून त्याचा सल्ला निःस्वार्थ वाटतो. दुर्योधनाला विदुर परका वाटला आणि शकुनी आपला.

आजोळाचा आधार एखाद्या बाईसाठी किती शेवटचा असतो हे अंबेच्या कथेत दिसते. भीष्माने पळवून आणलेली ही काशीची मुलगी. शाल्वाने तिला नाकारले. माहेरी परत जायला तिचे मन घेईना. ती तापसांच्या आश्रमात आली, तेही तिला बापाकडे परत जा म्हणाले. तेव्हा तिथे राजर्षी होत्रवाहन आला. तो तिच्या आईचा बाप. त्याने नातीला मांडीवर घेतले, धीर दिला आणि परशुरामाकडे जायला सांगितले. ज्या मुलीला सासर नाही आणि माहेरही नाही, तिच्यासाठी आईचे माहेर धावून आले. भीष्म आणि परशुराम यांचे युद्ध त्या म्हाताऱ्याच्या शब्दातून पेटले.

पांडवांच्या सात अक्षौहिणी पाहिल्या तर हे जाळे आणखी स्पष्ट दिसते. तेरा वर्षे राज्याबाहेर काढलेल्यांना स्वतःचे सैन्य कुठून असणार? द्रुपद सासरा, धृष्टद्युम्न मेहुणा आणि तोच सेनापती. विराट अभिमन्यूचा सासरा, म्हणजे व्याही. सात्यकी कुंतीच्या माहेरचा वृष्णी. चेदीचा धृष्टकेतू नकुलाच्या सासुरवाडीचा. काशी भीमाची सासुरवाडी. कौरवांकडे राजसत्तेने बांधलेली अकरा अक्षौहिणी फौज होती, तर पांडवांकडे मुख्यतः सोयरे होते. पाच भावांनी पत्करलेला वनवास आणि पाचांनी मिळून केलेली लग्ने यांचा हिशेब शेवटी रणांगणावर झाला.

या सोयऱ्यांत दोन मुलांचा उल्लेख जड मनाने करावा लागतो. हिडिंबेचा घटोत्कच आणि उलूपीचा इरावान. दोघेही आईच्या घरी, बापाच्या गैरहजेरीत वाढले. इरावानाने तर स्वतः जाऊन अर्जुनाला आपली ओळख दिली, आणि युद्धाच्या वेळी ये असे अर्जुनाने सांगितले. तो आठव्या दिवशी मारला गेला. घटोत्कच चौदाव्या रात्री कर्णाच्या शक्तीने पडला, पांडव रडले आणि कृष्णाने हर्षाने सिंहनाद केला, कारण अर्जुनासाठी राखलेली ती शक्ती खर्ची पडली होती. घटोत्कच भीमाचा थोरला मुलगा होता. वारसाच्या चर्चेत त्याचे नाव कधीच आले नाही. राक्षस आणि नाग स्त्रियांची मुले मरण्यासाठी नात्यात होती, राज्यासाठी नव्हती. महाभारत हे झाकत नाही, पण त्यावर बोलतही नाही. त्या मौनाला माफ करणे कठीण आहे.

मणिपूरच्या चित्रांगदेचे वेगळे. तिच्या बापाला ती एकुलती. त्याने तिला पुत्रिका केले, म्हणजे तिचा मुलगा आजोबांचा वारस ठरला. अर्जुनाने ही अट मान्य करून लग्न केले. म्हणून बभ्रुवाहन कुरूंचा झालाच नाही. अश्वमेधाच्या घोड्यामागे आलेल्या बापाशी तो लढला आणि त्याने त्याला पाडले. आजोळचा राजा झालेल्या मुलाचा तो हक्कच होता.

सुभद्रेपाशी ही सगळी कथा महाराष्ट्राला येऊन भिडते. ती वसुदेवाची मुलगी, वसुदेव कुंतीचा भाऊ, म्हणजे अर्जुनाने सख्ख्या मामाच्या मुलीशी लग्न केले. उत्तरेकडच्या धर्मशास्त्रकारांना हे खटकले. कुमारिल भट्टांनी ‘तन्त्रवार्तिका’त सुभद्रा वसुदेवाची सख्खी मुलगी नव्हतीच, असे सांगून अर्जुनाला दोषातून सोडवले. बौधायनाने त्याआधीच दक्षिणेकडच्या रीतींमध्ये मामाच्या मुलीशी लग्नाची नोंद करून ठेवली होती. महाराष्ट्र या दोन जगांच्या सीमेवर आहे. इरावतीबाईंनी दाखवून दिले की इथे अनेक मराठा-कुणबी कुळांत आणि देशस्थ ऋग्वेदी ब्राह्मणांत मामाची मुलगी चालते, पण आत्याची मुलगी सहसा करत नाहीत. मुलगी एकाच दिशेने जाते, ज्या घरी आत्या गेली त्याच घरी भाची जाते. कुंती ज्या घरी गेली तिथेच सुभद्रा गेली, इतक्या सरळ रेषेत ही मराठी चाल महाभारतात आखलेली आहे. हरिवंशात विदर्भाच्या रुक्मिणीचा मुलगा प्रद्युम्न मामाच्या, रुक्मीच्या, मुलीशी लग्न करतो. मेहुण्यांचे हाडवैर होते तरीही. ज्या वाचकांच्या घरात सुनेची सासू तिची आत्याच असते, त्यांना यात नवल वाटणार नाही.

वनपर्वातला एक लहानसा प्रसंग इथेच सांगायला हवा. पांडव वनात असताना द्रौपदीच्या पाच मुलांना द्रुपद आणि धृष्टद्युम्न यांनी आपल्याकडे ठेवून घ्यायचा, राज्य देण्याचाही आग्रह केला. मुलांना मामाच्या घरी करमेना. ती द्वारकेत राहिली, सुभद्रेच्या हाताखाली, अभिमन्यूच्या बरोबर. प्रद्युम्न त्यांना अस्त्रविद्या शिकवत होता. कृष्ण हे द्रौपदीला स्वतः येऊन सांगतो. सवतीच्या माहेराने तिची मुले वाढवली, आणि तिला हे ऐकून दिलासा मिळाला असेल की टोचणी लागली असेल, हे व्यासांनी तिच्यावरच सोडले आहे.

युद्धातून एक नाते कसेबसे वाचले. शंभर भावांची एकुलती बहीण दुःशला. तिचा नवरा जयद्रथ द्रौपदीला पळवून नेतो, भीम त्याला पकडतो, तेव्हा दुःशलेची आणि गांधारीची आठवण ठेवून युधिष्ठिर त्याला जिवंत सोडतो. अभिमन्यूनंतर अर्जुनाने त्याला मारलेच. वर्षांनी अश्वमेधाचा घोडा सिंधुदेशात पोचला, तेव्हा दुःशला लहानग्या नातवाला कडेवर घेऊन रणात आली. तिचा मुलगा सुरथ अर्जुन आला हे ऐकूनच गतप्राण झाला होता. अर्जुनाने धनुष्य खाली ठेवले, बहिणीला जवळ घेतले आणि घरी पाठवले. शस्त्र खाली ठेवायला लावणारा हा युक्तिवाद यशस्वी ठरला, आणि तो बहिणीचा होता.

शेवटी राज्य कुणाकडे गेले? महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर निघताना परीक्षिताला हस्तिनापुरात अभिषेक करतो. कारभार युयुत्सूवर सोपवतो. हा धृतराष्ट्राचा वैश्य स्त्रीपासून झालेला मुलगा, युद्धाच्या तोंडावर पांडवांकडे आलेला आणि म्हणून जगलेला. दासीपुत्र विदुराला जे मिळाले नाही त्याच्या जवळपास काहीतरी युयुत्सूला मिळाले. इंद्रप्रस्थात कृष्णाचा पणतू वज्र राजा झाला. हे दोन्ही युधिष्ठिर सुभद्रेला सांगतो आणि वज्राचे रक्षण तिच्यावर सोपवतो: एका नगरीत तुझा नातू, दुसरीत तुझ्या माहेरचा उरलेला अंकुर. पांडवांनी जिंकलेली भूमी दोन भागांत वाटली गेली आणि दोन्ही भाग एका यादव स्त्रीच्या नात्यातले निघाले. परीक्षिताची राणी पुढे मद्राची माद्रवती, त्याच्या मुलाची, जनमेजयाची, राणी काशीची वपुष्टमा. पुन्हा तीच जुनी माहेरे.

जनमेजयाने सर्पसत्र मांडले, कारण तक्षकाने त्याच्या बापाला मारले होते. त्या यज्ञात व्यास स्वतः बसलेले असताना वैशंपायनाने भारत सांगितले. म्हणजे ज्याच्या बीजापासून हा राजवंश वाहिला तो तिथे ऐकत होता, आणि वंशज प्रश्न विचारत होता. ज्या नागांना आगीत ओढले जात होते ते त्याच्या पणजोबाच्या, अर्जुनाच्या, सासुरवाडीचे होते. हे जनमेजयाच्या लक्षात आले नाही किंवा आले असूनही त्याने पर्वा केली नाही. तक्षक आकाशात लोंबकळत असताना यज्ञ थांबवला तो आस्तीक नावाच्या पोरसवदा ब्राह्मणाने. त्याची आई वासुकीची बहीण. नागांनी तिचे लग्न जरत्कारू ऋषीशी लावले होते तेच मुळी यासाठी, की तिच्या पोटी होणारा मुलगा मामाचे कुळ वाचवील. राजाने वर दिला, ऋत्विजांनी आहुती थांबवल्या, आणि आस्तीकाला पुढच्या अश्वमेधाचे सदस्यत्व देऊ करून मानाने निरोप देण्यात आला. तो परत गेला, आईच्या आणि मामाच्या पाया पडला आणि झालेले सगळे त्याने दोघांना सांगितले.